वाडा, चित्रे आणि मृत्यूनंतरचा कर : ब्रिटनमधली सशर्त करसूट कशी चालते

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाचा एक भव्य वाडा आहे. तो पिढ्यानपिढ्या डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याकडे होता. १९४६ मध्ये दहाव्या ड्यूकांनी आपली बरीचशी मालमत्ता पुढच्या पिढीच्या नावे करून दिली. देणाऱ्याने देणगीनंतर पाच वर्षे पूर्ण केली, तर त्या मालमत्तेवर मृत्यूनंतरचा कर लागत नसे, असा त्या काळचा नियम होता. ड्यूकांचे निधन नोव्हेंबर १९५० मध्ये झाले, तेव्हा पाच वर्षे पुरी व्हायला १४ आठवडे उरले होते. सर्वांत मोठ्या मालमत्तांवरचा कराचा दर त्या वेळी ८० टक्के होता. सरकारशी चाललेली बोलणी पुरी व्हायला सतरा वर्षे लागली आणि या सर्व काळात थकलेल्या रकमेवर व्याज चालूच होते. घराण्याने हजारो एकर जमीन विकली. चित्रकार मेमलिंग यांचे डॉन त्रिपुट हे तीन फलकांचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेले आणि चित्रकार क्लोद लोरां यांच्या रेखाटनांचा प्रसिद्ध संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हार्डविक हॉल हा दुसरा वाडा कराच्या बदल्यात सरकारला देण्यात आला आणि सरकारमार्फत १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला.

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. ज्यांनी स्वतः काहीही कमावले नाही त्यांच्या हाती अफाट संपत्ती जाते, तेव्हा तिचा काही भाग समाजाने परत घ्यावा, हे तत्त्व मला न्याय्य वाटते. पण चारशे वर्षांचे घर, त्यातली चित्रे, ग्रंथ आणि भोवतीचे उद्यान यांचा अर्थ एकमेकांच्या संगतीत असतो आणि कर भरण्यासाठी ते सुटेसुटे विकले गेले की पुन्हा एकत्र येत नाहीत. हा पेच सोडवण्यासाठी ब्रिटनने सव्वाशे वर्षांत जी व्यवस्था उभी केली, तिचे मर्म असे की ज्या वस्तूवरचा कर आज सोडला जातो, त्या वस्तूवर त्या क्षणापासून जनतेचा काही हक्क निर्माण होतो. तो हक्क कागदावर राहतो की प्रत्यक्षात उतरतो, हे सर्वस्वी प्रशासनावर अवलंबून असते. म्हणून कायद्याच्या कलमांपेक्षा तो राबवण्याच्या रीतीकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

आधी मूळ कर समजून घेऊ. तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनी १८९४ मध्ये 'इस्टेट ड्यूटी' आणली, तेव्हा १० लाख पौंडांवरच्या मालमत्तेलाही फक्त ८ टक्के दर होता. दोन महायुद्धांच्या खर्चाने तो वाढत वाढत ८० टक्क्यांपर्यंत गेला. १९७५ च्या कायद्याने तिची जागा 'कॅपिटल ट्रान्सफर टॅक्स'ने घेतली आणि १९८६ मध्ये त्याचे रूपांतर आजच्या 'इन्हेरिटन्स टॅक्स'मध्ये झाले. आजचा हिशेब बराच सरळ आहे. मृत व्यक्तीच्या एकूण मालमत्तेतून देणी वजा केल्यावर पहिल्या ३,२५,००० पौंडांवर कर नसतो आणि त्यापुढच्या रकमेवर ४० टक्के कर लागतो. ही मर्यादा २००९ पासून वाढलेली नाही. पती किंवा पत्नीला दिलेली मालमत्ता सामान्यतः करमुक्त असते, तसेच धर्मादाय संस्थांना दिलेलीही. राहते घर मुलांना किंवा नातवंडांना दिले तर १,७५,००० पौंडांपर्यंत जादा सूट मिळते, परंतु मालमत्ता २० लाख पौंडांच्या पुढे गेली की ही जादा सूट कमी होत जाते. हयातीत कुणाला काही दिले आणि त्यानंतर देणारा सात वर्षे जगला, तर त्यावर कर लागत नाही. घराची जादा सूट बाजूला ठेवली, तर १० लाख पौंड मागे ठेवणाऱ्या माणसाच्या मालमत्तेवर ६,७५,००० पौंडांच्या ४० टक्के, म्हणजे २,७०,००० पौंड कर होतो.

हा कर वारसाच्या उत्पन्नावर नसून मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर असतो आणि तो भरण्याची पहिली जबाबदारी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर, म्हणजे एक्झिक्युटरवर, असते. मृत्यू ज्या महिन्यात झाला त्यानंतरचा सहावा महिना संपण्यापूर्वी कर भरावा लागतो, त्यानंतर व्याज सुरू होते. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्याची न्यायालयीन मंजुरी, मिळवण्यासाठी आधी कराची सोय करावी लागते आणि प्रोबेट मिळाल्याशिवाय मालमत्ता विकता येत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबांची या टप्प्यावर कोंडी होते. बँकेतल्या शिलकेतून थेट कर भरण्याची सोय आहे आणि जमीन व घरे यांवरचा कर दहा वार्षिक हप्त्यांत देता येतो. पण ज्यांच्याकडे रोकड थोडी आणि भिंतीवरची चित्रे मोलाची, त्यांना चित्रांवरचा कर हप्त्यांत देता येत नाही.

मूल्यांकन हा या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग आहे. मृत्यूच्या दिवशी ती वस्तू खुल्या बाजारात विकली असती तर काय किंमत आली असती, हा कायद्याचा प्रश्न. जी वस्तू तीनशे वर्षांत एकदाही विकली गेली नाही तिच्याबाबतीत या प्रश्नाचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते. एक्झिक्युटर लिलावगृहाच्या किंवा तज्ज्ञाच्या मदतीने किंमत सांगतो आणि ब्रिटनचे महसूल खाते, म्हणजे एचएमआरसी, ती तपासते. घरे आणि जमीन यांच्यासाठी सरकारी मूल्यांककांचे मत घेतले जाते. मृत्यूनंतर लवकरच ती वस्तू लिलावात सांगितलेल्या किमतीच्या कितीतरी पट भावाने गेली, तर खाते मूळ आकडा मान्य करत नाही. चुकीचा आकडा निष्काळजीपणाने दिल्याचे दिसले तर दंडही होतो.

आता सूट. १८९६ मध्ये, म्हणजे कर आल्यानंतर दोनच वर्षांनी, राष्ट्रीय, वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि कुटुंबात पिढ्यानपिढ्या चालत राहतील अशी तजवीज केलेल्या वस्तूंना सवलत मिळाली. पुढे तिचा विस्तार झाला आणि १९७५ च्या कायद्यानंतर जमीन आणि इमारतीही तिच्या कक्षेत आल्या. आज १९८४ च्या इन्हेरिटन्स टॅक्स कायद्यानुसार पाच प्रकारच्या मालमत्तेला सूट मागता येते : अग्रगण्य कलाकृती, हस्तलिखिते किंवा शास्त्रीय संग्रह, असामान्य निसर्गसौंदर्य असलेली किंवा इतिहास वा विज्ञान यांच्या दृष्टीने असामान्य जमीन, जिच्या जतनासाठी विशेष काळजी घ्यावी अशी असामान्य इमारत, त्या इमारतीचे रूप टिकवण्यासाठी आवश्यक असलेली भोवतालची जमीन, आणि त्या इमारतीशी ऐतिहासिक नाते असलेल्या वस्तू. शेवटचे दोन प्रकार मला फार शहाणपणाचे वाटतात. एखादी खुर्ची स्वतंत्रपणे सामान्य असेल, पण ज्या दालनासाठी ती घडवली गेली त्या दालनातच ती असण्याला मोल आहे, हे कायद्याने येथे ओळखले आहे.

वस्तू अग्रगण्य आहे की नाही हे महसूल अधिकारी स्वतःच्या आवडीने ठरवत नाही. देशाच्या इतिहासाशी किंवा राष्ट्रीय जीवनाशी तिचा विशेष निकटचा संबंध आहे का, तिला विशेष कलात्मक मोल आहे का, एखाद्या कलाप्रकाराच्या, विद्येच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासासाठी ती विशेष महत्त्वाची आहे का, अथवा एखाद्या ऐतिहासिक स्थळाशी तिचे विशेष नाते आहे का, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांवर तज्ज्ञ संस्थांचा सल्ला घेतला जातो. इंग्लंडमध्ये कलावस्तूंसाठी आर्ट्स कौन्सिल, इमारतींसाठी हिस्टॉरिक इंग्लंड आणि निसर्गभूमीसाठी नॅचरल इंग्लंड या संस्था मत देतात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये त्यांच्या स्वतंत्र संस्था आहेत. मागणी साधारणपणे मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि कर चुकता करण्याची मुदत मात्र सहा महिन्यांची असते, त्यामुळे निर्णय होईपर्यंत करपात्र भागाचे काय करायचे याचा विचार सल्लागारांना अगदी सुरुवातीलाच करावा लागतो.

सूट मंजूर होते ती हमीपत्रावर, आणि सगळी व्यवस्था या कागदावर उभी आहे. मालक लिहून देतो की वस्तू कायम ब्रिटनमध्येच राहील आणि खात्याच्या मंजुरीशिवाय तात्पुरतीही बाहेर जाणार नाही. तिचे जतन केले जाईल. आणि लोकांना ती पाहण्याची वाजवी संधी दिली जाईल व त्या संधीची प्रसिद्धी केली जाईल. इमारतीच्या बाबतीत वर्षात साधारणपणे किमान २८ दिवस लोकांसाठी दार उघडे ठेवण्याची अपेक्षा असते. वस्तूंच्या बाबतीत त्या घरात पाहू देता येतात किंवा एखाद्या संग्रहालयाला ठरावीक काळासाठी उसन्या देता येतात. जमिनीवर पायवाटा खुल्या ठेवाव्या लागतात आणि देखभालीचा आराखडा तज्ज्ञ संस्थेशी चर्चा करून ठरवावा लागतो.

या व्यवस्थेतला सर्वांत कमकुवत दुवा प्रवेशाचा होता, असे मला वाटते. पूर्वी अनेक मालकांनी पत्र पाठवून आधी वेळ घेणाऱ्यांनाच वस्तू दाखवण्याची अट पत्करली होती. पण कोणत्या वस्तूंना सूट मिळाली आहे हे सामान्य नागरिकाला सहज कळत नसे, आणि ज्याला वस्तू कुठे आहे हेच ठाऊक नाही तो पत्र कोणाला लिहिणार? सोडलेल्या कराच्या रूपाने जनता पैसे मोजत होती, पण तिला मोबदला घेता येत नव्हता. १९९८ च्या वित्त कायद्याने ही स्थिती बदलली. पूर्वी 'संग्रहालयात ठेवण्याजोगी' इतकी पात्रता पुरत असे, तिच्या जागी 'अग्रगण्य' ही कडक कसोटी आली. केवळ आधी वेळ घेऊन भेट ही तरतूद नव्या हमीपत्रांसाठी अपुरी ठरली. जुनी हमीपत्रेही नव्या अपेक्षांप्रमाणे बदलून घेण्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार खात्याला मिळाला. सूट मिळालेल्या मालमत्तेची यादी आज एचएमआरसीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

जुने करार असे मागाहून बदलता यावेत का, यावर वाद झाला. मालकाशी मतभेद झाला तर खात्याला करविषयक वाद ऐकणाऱ्या विशेष आयुक्तांपुढे जाऊन बदल 'न्याय्य आणि वाजवी' असल्याचे पटवून द्यावे लागे. २००४ मधल्या एका गाजलेल्या प्रकरणात आयुक्तांनी मालकांच्या बाजूने निर्णय दिला. खासगी घरात पूर्वनोंदणीशिवाय येणाऱ्या लोकांमुळे चोरीचा धोका, विम्याचा खर्च आणि कुटुंबाच्या खासगी जीवनावर येणारा ताण किती वाढतो, हे त्यांनी लक्षात घेतले. मला या निर्णयाचे कायदेशीर तर्कशास्त्र समजते, कारण सरकारने दिलेला शब्द सरकारनेही पाळायला हवा. पण त्यातून हेही दिसते की हमीपत्र लिहून घेताना जे राहून जाते ते नंतर भरून काढणे फार कठीण असते.

या सूटीला अनेक जण करमाफी समजतात, आणि हा गैरसमज दूर करणे फार गरजेचे आहे. कर येथे पुढे ढकललेला असतो. वस्तू विकली, हमीपत्राचा भंग झाला, किंवा मालक वारला आणि नव्या वारसाने नवे हमीपत्र दिले नाही, तर ढकललेला कर पुढे येतो. शिवाय तो जुन्या किमतीवर आकारला जात नाही. विक्री झाली तर विक्रीची रक्कम आणि इतर प्रसंगी त्या दिवसाची बाजारकिंमत हा त्याचा आधार असतो. १९९० मध्ये १ लाख पौंड किमतीचे मानलेले चित्र आज १० लाखांना विकले गेले आणि ४० टक्के दर लागू असला, तर आकारणी ४ लाखांच्या आसपास जाते. घर, जमीन आणि आतल्या वस्तू अशा एकत्र संचाला सूट मिळाली असेल, तर एक भाग विकल्याने सगळ्या संचावरची सूट धोक्यात येऊ शकते. मात्र उरलेल्या संचाच्या वारसामूल्याला विशेष धक्का लागलेला नाही असे खात्याला पटले, तर विकलेल्या भागापुरताच कर लावला जातो. पिढ्यानपिढ्या प्रत्येक वारसाने हमीपत्र दिले, तर तो कर कधीच भरावा लागत नाही हे खरे. पण त्या प्रत्येक पिढीत वस्तू देशात राहते आणि लोकांना पाहता येते, आणि करार तोच आहे.

ज्यांना वस्तू ठेवायची नाही किंवा ठेवणे परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. कराच्या बदल्यात वस्तूच सरकारला देण्याची सोय जमिनीसाठी १९१० पासून होती, आणि ऐतिहासिक घरांतील वस्तू व इतर कलाकृती यांच्यासाठी ती १९५० च्या दशकात आली. हिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. समजा, एका चित्राची किंमत १० लाख पौंड आहे आणि ते बाजारात विकल्यास ४० टक्के कर द्यावा लागेल. मालकाच्या हाती ६ लाख उरतील. तेच चित्र कराच्या बदल्यात दिले, तर वाचलेल्या ४ लाख कराच्या चौथाईइतकी, म्हणजे १ लाखाची रक्कम त्याला प्रोत्साहन म्हणून मिळते आणि त्या चित्राने ७ लाखांचा कर फिटल्याचे मानले जाते. इमारत आणि जमीन यांच्यासाठी हे प्रोत्साहन साधारणपणे १० टक्के असते. संग्रहालयाशी परस्पर वाटाघाटी करून वस्तू विकली तरी हाच हिशेब लागतो : संग्रहालयाला १० लाखांचे चित्र ७ लाखांत मिळते, मालकाला बाजारापेक्षा १ लाख अधिक मिळतात आणि वस्तू देशात राहते. तज्ज्ञांचे मंडळ प्रत्येक प्रस्तावाची गुणवत्ता आणि किंमत तपासते. ही योजना आणि हयातीत दिलेल्या सांस्कृतिक देणग्यांवरची करसवलत यांना मिळून वर्षाला ४ कोटी पौंडांची मर्यादा ठरवलेली आहे.

ही वाट असूनही ती वेळेवर वापरली नाही तर काय होते, हे बकिंगहॅमशायरमधल्या मेंटमोर टॉवर्सने दाखवून दिले. रॉथ्सचाइल्ड घराण्यासाठी जोसेफ पॅक्सटन यांनी आराखडा केलेल्या या वाड्यात युरोपभरातून गोळा केलेले फर्निचर आणि कलावस्तू होत्या. १९७४ मध्ये वाड्याचे तेव्हाचे मालक, सहावे अर्ल ऑफ रोझबेरी, यांचे निधन झाले, तेव्हा वारसांनी घर आणि त्यातला संग्रह २० लाख पौंडांना सरकारने घ्यावा असा प्रस्ताव मांडला. सरकारने तो नाकारला. खरे तर अशा कामासाठी १९४६ पासून राष्ट्रीय भूमी निधी अस्तित्वात होता. युद्धातली शिल्लक सामग्री विकून आलेल्या ५ कोटी पौंडांचा हा निधी युद्धात मेलेल्यांचे स्मारक म्हणून उभारला होता, पण तो अर्थखात्याच्या ताब्यात होता आणि १९५७ मध्ये त्यातली मोठी रक्कम काढून घेऊन तो १ कोटी पौंडांवर आणला गेला. मे १९७७ मध्ये मेंटमोरच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि ६० लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. त्यात इतर कुणाच्या नावावर विकले गेलेले एक चित्र नंतर प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार फ्रागोनार यांचे निघाले आणि नॅशनल गॅलरीला ते पुढे मोठ्या रकमेला घ्यावे लागले. रिकामा वाडा १९७८ मध्ये महर्षी महेश योगींच्या संस्थेने विकत घेतला. या प्रकरणाने जनमत इतके हलले की १९८० मध्ये जुन्या निधीऐवजी राष्ट्रीय वारसा स्मृती निधी हा स्वतंत्र विश्वस्तांचा निधी कायद्याने स्थापन झाला. २० लाखांत जे एकसंध मिळत होते ते निर्णय लांबवल्यामुळे जगभर विखुरले गेले, याची खंत आजही त्या देशातले अभ्यासक व्यक्त करतात, आणि ती रास्त आहे.

वाडा टिकवायचा तर छप्पर, गटारे आणि लाकूडकाम यांवर सतत खर्च होतो. त्यासाठी मालकाने वेगळा देखभाल निधी उभा केला तर त्यालाही करसवलत मिळते, अट इतकीच की त्यातला पैसा त्या मालमत्तेवरच खर्च व्हावा.

भारतात हा कर १९५३ च्या इस्टेट ड्यूटी कायद्याने आला होता आणि त्याचा सर्वोच्च दर एके काळी ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो रद्द करताना प्रशासनाचाच मुद्दा मांडला : वर्षाचे उत्पन्न केवळ सुमारे २० कोटी रुपये आणि वसुलीचा खर्च मात्र तुलनेने मोठा. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना हा कर लागला नाही.

कर गेला तरी त्याच्याशी जोडलेला एक करार शिल्लक आहे आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तो नीट समजून घ्यावा. दोन्ही देशांत एकाच मालमत्तेवर दोनदा कर लागू नये म्हणून भारत आणि ब्रिटन यांच्यात १९५६ मध्ये जो करार झाला तो आजही लागू आहे. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने नवा निकष स्वीकारला आहे : मागच्या वीस करवर्षांपैकी किमान दहा वर्षे ब्रिटनमध्ये रहिवासी असलेल्या माणसाच्या जगभरातल्या मालमत्तेवर हा कर लागतो. पुण्यातल्या वाड्यात वडिलोपार्जित हस्तलिखिते, पितळी देवमूर्ती आणि जुनी शस्त्रे असलेल्या लंडनवासी माणसाच्या बाबतीत याचा परिणाम विचित्र होतो. सशर्त सूट मागायची तर या वस्तू ब्रिटनमध्ये कायम ठेवण्याची हमी द्यावी लागेल. पण भारताचा १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेऊ देत नाही. एक देश वस्तू आपल्याकडे ठेवायची अट घालतो, दुसरा ती हलवू देत नाही, आणि दोघांचाही हेतू वारसा जपण्याचाच आहे. अशा कुटुंबाला खरा आधार मिळू शकतो तो १९५६ च्या कराराचा. करारानुसार मृत व्यक्तीचे मूळ निवासस्थान भारतात असल्याचे मानले गेले, तर भारतातल्या मालमत्तेवर ब्रिटनचा कर सामान्यतः लागत नाही. मात्र ती मालमत्ता ब्रिटिश कायद्याखाली केलेल्या मृत्युपत्रानुसार वारसांकडे गेली, तर हे संरक्षण निसटू शकते. म्हणून भारतातल्या मालमत्तेसाठी भारतीय कायद्यानुसार वेगळे मृत्युपत्र करावे की नाही, हे दोन्ही देशांतले कायदे जाणणाऱ्या सल्लागाराकडून हयातीतच, आणि वस्तूंची छायाचित्रांसह यादी हाताशी ठेवून, ठरवून घ्यावे.